चढ नाही, पण वारा आहे : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही दोघं नाशिकचे. मी ५९ वर्षांची, हे ६४. मुलगी-जावई नेदरलँड्समध्ये आइंडहोव्हनला असतात. जूनमध्ये त्यांच्याकडे जातोय. स्खिरमॉनिकओख नावाच्या बेटावर चार दिवस तंबू ठोकून राहू आणि सायकलवर फिरू, असं जावई म्हणतात. हे अजूनही बाजारात सायकलनेच जातात, पण मी शाळा सुटल्यावर सायकलला हात लावलेला नाही. या वयात झेपेल का?

उत्तर : ताई, खुशाल जा. मी माहेरची गुहागरची. लग्नानंतर नेदरलँड्सच्या उत्तरेला ग्रोनिंगनला आले त्याला आता २१ वर्षं झाली, आणि या बेटावर आमची दर उन्हाळ्यात एक तरी फेरी होतेच. बेट जेमतेम १६ किलोमीटर लांब आणि ४ रुंद. गाव एकच, वस्ती हजाराच्या आत. बाहेरच्यांना मोटार आणायला बंदी आहे, ती पलीकडच्या धक्क्यावर ठेवून बोटीत बसायचं. रस्त्यावर धडकी भरवणारं काही नाही, म्हणून इतक्या वर्षांनी सायकल हातात धरायला याच्याइतकी चांगली जागा मला दुसरी माहीत नाही.

तरी मुलीकडे आठ-दहा दिवस सराव करा. तिथल्या बऱ्याच सायकलींना हातात ब्रेक नसतो, पायडल उलटं दाबलं की चाक थांबतं. आपल्याला निघताना पायडल मागे फिरवून वर आणायची सवय. ते मध्येच अडतं आणि तोल जातो. भाड्याची सायकल घेताना हँडब्रेकवाली आणि मधे दांडी नसलेली मागा. सीट इतकी खाली करून घ्या की बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकतील. माणसं उंच आहेत तिथली. सांगितलं नाही तर सीट त्यांच्या मापाचीच राहते.

आता खरं सांगायचं ते वाऱ्याबद्दल. बेटावर चढ असा नाहीच, पण वारा आहे, आणि चढ संपतो तसा तो संपत नाही. बेट पश्चिम-पूर्व पसरलेलं आहे आणि वारा बहुतेक दिवस पश्चिमेकडून किंवा नैर्ऋत्येकडून येतो. गाव पश्चिमेच्या बाजूला. त्यामुळे गावातून पूर्वेला निघालं की कोणी पाठीवर हात ठेवून ढकलावं तशी सायकल पळते. माझी आई पहिल्यांदा आली तेव्हा ६३ची होती. आम्ही अशाच पळत पळत पूर्वेकडच्या कोब्बेडाउनन नावाच्या वाळूच्या टेकड्यांपर्यंत गेलो. तिथे सायकलची वाट संपते आणि पुढे पायीच जावं लागतं. जाताना वारा आहे हेसुद्धा जाणवलं नाही. परतताना तो तोंडावर आला. अर्ध्या वाटेत आई उतरली आणि गवतात बसली. तिचे गुडघे थरथरत होते. पाण्याची बाटली धरलेला हातही थरथरत होता. राहिलेली वाट आम्ही दोघींनी सायकली हातात धरून चालत काढली. मला वारा माहीत होता आणि मी तिला आधी सांगितलं नाही, याचं आजही वाईट वाटतं.

तेव्हापासून आमचा नेम ठरला आहे. सकाळी तंबूतून बाहेर आलं की आधी गवत कुठे वाकलंय ते बघायचं. पश्चिमेचा वारा असेल तर ताज्या पायांनी पश्चिमेला निघायचं, लाल दीपगृहाच्या बाजूने पुळणीवर उतरायचं, आणि दमल्यावर वाऱ्याबरोबर घरी यायचं. पूर्वेची सफर वारा पडलेल्या दिवसासाठी राखून ठेवा. हे बेट १९८९ पासून राष्ट्रीय उद्यान आहे. पूर्वेला मैलोगणती खाजण पसरलंय आणि त्यात चमच्यासारख्या चोचीचे पांढरे पक्षी डोकं डावी-उजवीकडे हलवत चरतात. विणीच्या दिवसांत काही भागात जायला बंदी असते. पाटी दिसली की तिथूनच मागे फिरा.

तंबूची जागा गावाच्या उत्तरेला झाडीत आहे, पण आगाऊ नोंदवावी लागते. वाटेल तिथे तंबू ठोकायला नेदरलँड्समध्ये परवानगी नाही. गवताखाली वाळूच असते, त्यात तंबूबरोबर येणाऱ्या बारीक खुंट्या टिकत नाहीत. लांब, रुंद पात्याच्या खुंट्या घ्या. त्याही सुटल्या तर कापडी पिशवीत वाळू भरा, तोंडाला दोरी बांधा आणि पिशवी हातभर खोल पुरा. जूनमध्ये सूर्य दहाच्या सुमाराला मावळतो, पण त्यानंतर चांगलीच थंडी पडते. अंगाखाली जाड गादी हवी, नाहीतर वाळूचा गारवा कंबरेत शिरतो.

प्रश्न : मी डेल्फ्टला शिकतो, मूळचा पुण्याचा. ओहोटीला इथला समुद्र इतका मागे जातो की माणसं मुख्य भूमीवरून स्खिरमॉनिकओख बेटावर चालत जातात म्हणे. आम्ही चार मित्र वेळापत्रक बघून जाऊ शकतो का?

उत्तर : नाही. वाटाड्याशिवाय अजिबात नाही. चालत जाता येतं हे खरं. माहीतगार वाटाडे लोकांना नेतात आणि त्यासाठी त्यांना परवाना लागतो. पण वेळापत्रक वाचून वाट कळत नाही. भरती समोरून लाट होऊन येत नाही. चिखलातल्या नाळी आधी भरतात, आणि त्या तुमच्या पाठीमागे असतात. समोर अजून कोरडं दिसत असतं तेव्हा परतीच्या वाटेवर छातीभर पाणी झालेलं असतं.

कोकणात तिथीच्या पाऊणपट धरून भरतीची वेळ काढतात. तो हिशेब इथे जुळणार नाही, प्रत्येक किनाऱ्याची वेळ निराळी असते. पण भरती रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते आणि अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण येतं, हे इथेही तसंच. पुण्यात वाढलेल्या मुलाला हे अंगवळणी नसतं, म्हणून इतकं ठासून लिहिते. वाटाड्याबरोबर मात्र जरूर जा. पायाखालचा चिखल गुडघ्याला लागतो आणि चहूकडे फक्त पक्ष्यांचा आवाज असतो.

प्रश्न : आम्ही शाकाहारी. तंबूत स्वयंपाक जमेल का? – ठाण्याच्या एक वाचक

उत्तर : छोट्या गॅसवर उत्तम जमतो. उघड्यावर लाकडं पेटवू नका. गॅसची डबी विमानात चालत नाही, ती तिकडेच घ्या. घरून जाड पोहे, मेतकूट आणि भाजणी न्या. गावातल्या सुपरमार्केटात 'कार्नमेल्क' लिहिलेला डबा मिळेल, ते म्हणजे आपलं ताक. त्यात पोहे भिजवायचे, मीठ आणि मेतकूट घालायचं. सायकलवरून दमून आल्यावर मला याहून गोड काही लागत नाही. फोडणीसाठी गॅस पेटवायचा असेल तर तंबूच्या बाहेर, आडोशाला. आत कधीही नाही.

आणि तिघांनाही एक : वाळूच्या टेकड्यांवरच्या गवतात गोचीड असतात. रोज रात्री गुडघ्यामागे, काखेत आणि केसांच्या कडेला बघा. दिसली तर चिमट्याने तोंडाजवळ धरून सरळ ओढा, तेल वगैरे लावू नका. पुढच्या काही आठवड्यांत तिथे लाल गोल चट्टा पसरत गेला तर डॉक्टरांना दाखवा, मग तोवर तुम्ही नाशिकला पोचलेल्या असलात तरी.