‘नोकरी मिळत नाही, म्हणजे खोट माझ्यातच का?’

हा प्रश्न माझ्याकडे सल्ल्यासाठी येणारे बरेच जण विचारतात. मागे आलेल्या एका चाळिशीतल्या गृहस्थांनी तर तो प्रश्न म्हणून विचारलाही नाही, निकाल म्हणूनच सांगितला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) बिलांच्या नोंदी करण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. ते काम सॉफ्टवेअरकडे गेलं आणि यांची नोकरी सुटली. नंतर अर्जांवर अर्ज, सगळे तशाच कामासाठी. आता तेही थांबले होते.

मी त्यांना एक हिशोब घातला. अमेरिकेत १९२९ साली बेरोजगारी तीन टक्क्यांच्या आसपास होती, १९३३ मध्ये ती पंचवीस टक्क्यांच्या घरात गेली. चार वर्षांत एवढ्या माणसांची लायकी संपली म्हणायची का?

"नाही, ती मंदी होती," ते म्हणाले. "पण आता मंदी कुठे आहे?"

बरोबर धरलं त्यांनी. मंदीत मागणी आटते, ती चक्रीय बेरोजगारी. बाजार सावरला की बरीचशी ओसरते. एक नोकरी सोडून दुसरी सापडेपर्यंतचा काळ म्हणजे घर्षणात्मक बेरोजगारी. ती भरभराटीतही असतेच, तिथे धीर धरणं हाच उपाय. हंगाम संपला की काम संपतं, त्या हंगामी बेरोजगारीचा इथे संबंध नव्हता. त्यांची होती संरचनात्मक: बाजारात कामं आहेत, पण हातातलं कौशल्य त्यांना जुळत नाही. हे गृहस्थ मात्र धीर धरून बसले होते, आणि दर नकाराबरोबर स्वतःला आणखी नालायक ठरवत होते.

आणि गंमत बघा, अर्ज करणं सोडलं की अमेरिकेसारख्या देशांच्या सरकारी मोजणीत माणूस बेरोजगारही राहत नाही! काम शोधणाराच त्यात धरला जातो. आकडा घटतो, घरातली काळजी तेवढीच.

"मग चूक माझी नाही, तर मी करायचं काय?"

मी त्यांना चुकीचं बिल नजरेत कसं भरतं ते विचारलं. पुढची वीस मिनिटं तेच बोलत होते. नोंदी यंत्र करतं, पण अडलेली बिलं सोडवायला माणूस लागतो. एखाद्या नव्या कोर्सचे पैसे भरण्याआधी अशी कामं देणाऱ्या दोन-तीन ठिकाणी जाऊन नेमकं काय यायला हवं ते विचारून या, असं ठरलं. पुढच्या भेटीला पत्नीलाही आणायचं म्हणाले. घरी हे सगळं अजून आळसाच्या खात्यावर होतं.