नॉर्विचची जुलियन कोण होती आणि तिचे महत्त्व काय?

जुलियन ही १४व्या शतकातील इंग्लंडमधील कॅथलिक साधिका होती. मे १३७३ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी मरणाच्या दारात असताना, तिला सोळा दर्शने घडली. पुढे चर्चला लागून असलेल्या कोठडीत एकांतवास पत्करून तिने त्यांवर वर्षानुवर्षे चिंतन केले आणि ग्रंथ लिहिला. स्त्रीने इंग्रजीत लिहिलेला हा सर्वांत जुना उपलब्ध ग्रंथ मानला जातो. त्यातील एक दर्शन मनातून जात नाही: तळहातावर हेझलनटएवढी इवलीशी वस्तू दिसते, ही टिकते तरी कशी असे तिला वाटते, आणि उत्तर मिळते की हीच सारी सृष्टी असून देवाच्या प्रेमामुळेच ती टिकून आहे. प्लेगने गावेच्या गावे ओस पाडलेल्या त्या काळात देवाच्या ठायी क्रोध नाहीच असे लिहून तिने ख्रिस्ताला आई म्हटले, हे मला तिचे सर्वांत मोठे धैर्य वाटते.