पहिल्या प्रवचनाआधी

चातुर्मासातलं पहिलं प्रवचन म्हणून घाबरू नकोस, पण तुझ्या टिपणात ‘इतिहास आपल्याला शिकवतो की’ पाच वेळा आलंय. चार खोड. आधी गोष्ट नीट सांग.

गोव्यातल्या मंगेशाचंच घे. कुशस्थळीहून, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीहून, १५६० च्या सुमारास पोर्तुगिजांच्या जाचामुळे देव जुवारी नदी ओलांडून प्रियोळला आणला. इथे सगळे थांबतात. तू थांबू नकोस. प्रियोळ तेव्हा कोणाकडे होतं? आदिलशाहीत. एका परधर्मी राज्याने छळलं, दुसऱ्या परधर्मी राज्याच्या हद्दीत देव सुखरूप राहिला. हे वाक्य बोलून जरा गप्प बस. मंडपात चुळबुळ होईल, होऊ दे.

गीतेतला लोकसंग्रह, म्हणजे लोकांच्या भल्यासाठी कर्म करणं (३.२०), घेतोस ते चांगलं. मात्र त्यावरून थेट ‘मत कोणाला द्या’वर उडी नको. मी एकदा मारली होती. आरतीला निम्मा मंडप रिकामा. त्यापेक्षा १६ जानेवारी १९६७ चा गोव्यातला जनमत कौल सांग. महाराष्ट्रातलं विलीनीकरण सुमारे ३४ हजार मतांनी हरलं. आमच्या घरात दोन्ही बाजूंची माणसं होती, आणि त्या वर्षीही चवथीची माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायची फळापानांची चौकट, एकच बांधली.

आणि हो, घड्याळ समोर ठेव. चाळीस मिनिटं, बस्स.