सातवीला गणित पहिल्यांदाच शिकवताय तर हे वाचा

पोरांना लगेच हुशार आणि कच्ची अशा दोन गटांत टाकायची घाई करू नका. या वयात जो फरक दिसतो ना तो बऱ्याचदा डोक्याचा नसतोच, मागच्या इयत्तांमधलं काहीतरी राहून गेलेलं असतं. काय राहिलंय ते बघायचं असेल तर ०.४५ मोठा की ०.६ एवढंच विचारा, काहीजण ठामपणे ०.४५ म्हणतील कारण ४५ हे ६ पेक्षा मोठे, म्हणजे दशांश चिन्हापुढची स्थानिक किंमत डोक्यात शिरलेलीच नाही. तसंच १/२ + १/३ चं उत्तर २/५ आलं की लाल फुली मारून पुढे जाऊ नका, "अर्ध्यात अजून मिळवलं आणि अर्ध्यापेक्षा कमी कसं झालं रे?" असं विचारा आणि जरा गप्प बसा (हे गप्प बसणंच अवघड जातं). पाढे धडाधड म्हणणारा शाब्दिक उदाहरणात अडकतो आणि हळू सोडवणारी पोरगी रीत मस्त समजावून सांगते, त्यामुळे स्पीडवरून काही ठरवू नका. पुढे असलेल्यांना तीच गणितं जास्तीची नकोत, दुसऱ्या रीतीने सोडव म्हणा. आणि गट केलेतच तर प्रत्येक धड्याला बदला, भूमितीत पुढे असलेलं पोर अपूर्णांकात मागे असू शकतं.