पहिले जर्मन शिरस्त्राण विकत घेताना

दुसऱ्या महायुद्धातले जर्मन लष्करी शिरस्त्राण घेताना त्याच्या बाजूच्या चिन्हाकडे आधी पाहू नका. अस्सल पण साध्या शिरस्त्राणावर नवे चिन्ह चढवून भाव वाढवणे हा या बाजारातला जुना धंदा आहे आणि नवशिके नेमके तिथेच फसतात. आधी पोलाद तपासावे:

- १९३५चा नमुना: कड आत वळवलेली, हवेच्या छिद्रांत वेगळी कडी.
- १९४०चा: कड तशीच, पण छिद्राचा काठ पत्र्यातूनच दाबून काढलेला.
- १९४२चा: कड न वळवता बाहेर पसरलेली.

म्हणूनच १९४२च्या नमुन्यावर, १९४० मध्येच बंद झालेली तिरंगी ढाल (काळ्या-पांढऱ्या-लाल जर्मन राष्ट्रीय रंगांचे ढालीच्या आकाराचे चिन्ह) दिसली, तर तो व्यवहार सोडून द्यावा. आत कारखान्याची अक्षरे व मापाचा अंक असतो. तो ६४ असल्यास चामडी अस्तर ५६ किंवा ५७ मापाचे हवे. गंज मात्र कधीही घासू नका, मूळ रंग गेला की किंमतही गेली.