मुलगा नेव्हीच्या ट्रेनिंगला चिल्काला गेलाय, फोनवर नुसता रडतो, आम्ही घरच्यांनी काय करावं?

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि हातातलं काम ठेवून लिहायला बसले. तुम्ही म्हणताय मुलगा अग्निवीर म्हणून नेव्हीत लागला, चिल्काला जाऊन तीन आठवडे झाले, पहिला फोन आला त्यात "मला घेऊन जा" म्हणून रडला आणि फोन कट झाला, तेव्हापासून त्याचे पप्पा म्हणतायत की गाडी काढू आणि घेऊन येऊ. आमचं पोरगं पण तिथूनच तयार होऊन बाहेर पडलंय, आता जहाजावर आहे. आम्ही तासगावकडचे, घरात कुणी फौजेत नव्हतं, त्यामुळं कुणी सांगणारं पण नव्हतं.

पहिली गोष्ट म्हणजे आणायला जाऊ नका. एकतर तिथं गेटवर जाऊन "आमचं पोरगं द्या" म्हटलं म्हणून कुणी देत नाही, आणि दुसरं म्हणजे अग्निपथ म्हणजे ज्या योजनेतून अग्निवीर चार वर्षांसाठी घेतात, तिच्या नियमात चार वर्षं व्हायच्या आधी आपल्या मर्जीनं सोडता येत नाही, फारच अपवादाचं कारण असलं तर वरच्या अधिकाऱ्यांच्या परवानगीनं. म्हणजे तुम्ही फोनवर "ये बाळा परत" म्हणालात तर त्याला येता तर येणार नाहीच, वर तिथलं मन पण उडून जाणार. तीन आठवड्यात रडणं आणि चार महिने रडणं यात खूप फरक आहे ताई, आत्ताचं रडणं जवळपास सगळ्यांचंच असतं, पण ते आपल्याला माहीत नसतं कारण प्रत्येक घरात एकच फोन येतो.

त्याच्यावर या दिवसात काय काय गेलंय ते बघा ना. चिल्का म्हणजे आयएनएस चिल्का, नाव जहाजासारखं असलं तरी ते जहाज नाही, ओडिशात चिलिका सरोवराच्या काठावर जमिनीवरचं ट्रेनिंग सेंटर आहे (आमच्या सासूबाई किती दिवस पोरगं पाण्यात आहे समजून देव पाण्यात ठेवून बसल्या होत्या). तिथं पोचल्यावर परत कागदपत्रं तपासतात, परत मेडिकल होतं, आणि तोपर्यंत पोराच्या पोटात गोळा असतो की इथपर्यंत येऊन बाहेर तर काढणार नाहीत. मग केस जातात, मोबाईल हातात राहत नाही, अंधारात उठायचं, पळायचं, परेड, वर्ग, परत परेड, बोलणं सगळं हिंदीत नाहीतर इंग्रजीत, हवा दमट, अंगाला घाम चिकटलेला. एकाची चूक झाली की सगळ्यांना रगडा, हा त्यांचाच शब्द, म्हणजे शिक्षा म्हणून जास्तीचं पळवणं, दंडबैठका वगैरे. घरी आपण ज्याला ताटावरून उठवत नव्हतो त्या पोराला हे सगळं एका आठवड्यात मिळतं. मग पहिल्यांदा आईचा आवाज ऐकला की बांध फुटणारच. तो तुमच्याजवळ रडला हे चांगलं झालं असं मी म्हणेन, तिथं कुणापुढं रडता येत नाही.

आता फोनबद्दल सांगते, कारण आपल्या हातात खरं तर तेवढंच आहे. फोन कधी आणि किती वेळ करू देतात ते बॅचप्रमाणं बदलतं, आमच्या वेळी सुट्टीच्या दिवशी थोडा वेळ मिळायचा आणि मागं पोरांची लाईन असायची, "चल भाई जल्दी" असं मागून ऐकू यायचं. त्या थोड्या वेळात आमच्याकडं काय व्हायचं, मी जेवलास का विचारायची, हे पगाराचं विचारायचे, सासूबाई फोन ओढून घ्यायच्या, धाकटी मागनं ओरडायची, आणि त्याला एक वाक्य धड बोलता यायचं नाही. मग माझ्या भावानं, तो पोलिसात आहे, त्यानं सांगितलं की एकानंच बोला आणि त्यालाच बोलू द्या. तेव्हापासून फोन आला की बाकी सगळे गप्प, मी फक्त "बोल" म्हणायची आणि थांबायची. आधी दोन मिनिटं तक्रारी यायच्या, डाळ पातळ आहे, बुटानं फोड आलेत, अमक्या इन्स्ट्रक्टरनं असं केलं, आणि मग आपोआप आवाज बदलायचा, "आई आज फायरिंग झालं", "आई केरळचा एक दोस्त झालाय, त्याला मी मराठी शिकवतोय". हे दुसरं बोलणं ऐकायचं असेल तर पहिलं मधे न तोडता ऐकून घ्यावं लागतं.

त्याला "सोड ते" म्हणू नका आणि "रडतोस काय बायकांसारखा" असंही कुणाला म्हणू देऊ नका, तुमच्या घरी पप्पा म्हणत नसतील पण काका-मामा कुणीतरी हे म्हणतंच. तुम्ही रडू नका असं मी सांगणार नाही, रडू येतंच, पण फोन ठेवल्यावर रडा. घरातली भांडणं, द्राक्षाचा दर पडला, आजोबांची शुगर वाढली, हे त्याला सांगून तो तिथं काय करणार आहे? रात्रभर तेच डोक्यात ठेवून सकाळी पळणार. पण खरंच मोठं काही झालं, घरात कुणी गंभीर आजारी पडलं किंवा गेलं, तर मात्र लपवू नका, नंतर कळलं तर पोरं ते आयुष्यभर विसरत नाहीत. अशा वेळी नुसतं पोराला सांगून भागत नाही, सेंटरला कळवायचं. नेव्हीत प्रत्येक पोरगं एका डिव्हिजनमध्ये असतं आणि त्याच्यावर एक डिव्हिजनल ऑफिसर असतो, पोराची काळजी बघणं हे त्या ऑफिसरचं कामच आहे. म्हणून पुढच्या फोनला पोराचा तिथला नंबर आणि डिव्हिजनचं नाव विचारून वहीत लिहून घ्या, कॉल लेटरची झेरॉक्स पण त्याच फाईलीत ठेवा. पत्रावरच्या पत्त्यात पण हेच लागतं.

आणि पत्र लिहाच. तुम्हाला वाटेल आता पत्र कोण लिहितंय, पण जिथं मोबाईल नाही तिथं पत्राची किंमत वेगळी आहे. फोन दोन मिनिटात संपतो, पत्र तो बॅगेत ठेवून परत परत वाचतो. मी काय मोठं लिहायची नाही, म्हैस व्याली, गणपतीला अमुक आले होते, तुझा मित्र भरतीला दुसऱ्यांदा चाललाय, असलंच. त्याच्या बहिणीनं क्रिकेटचे स्कोअर लिहून पाठवले होते, ते म्हणे अख्ख्या बॅरॅकमध्ये फिरले. पप्पांना पण लिहायला लावा, आमच्या ह्यांनी चारच ओळी लिहिल्या होत्या आणि त्या पोरानं अजून ठेवल्यात. खायचं पार्सल मात्र आधी त्याला विचारल्याशिवाय पाठवू नका, आत घेऊ देतात का नाही ते तोच सांगेल.

एक गोष्ट मात्र खोदून विचारायची, ती म्हणजे तब्येत. ही पोरं दुखणं लपवतात. मेडिकलला दाखवलं की ट्रेनिंग चुकणार आणि मागच्या बॅचला टाकणार ही भीती असते, मग नडगी दुखत असली तरी तसंच पळतात. आमच्या पोराच्या बाजूच्या बेडवरच्या एकानं असंच दुखणं अंगावर काढलं, शेवटी हाडाला चीर निघाली आणि जो आराम आधी थोडा लागला असता तो किती महिने लागला. तुम्ही स्पष्ट सांगा की बाळा बॅच मागं गेली तरी चालेल, एक बॅच मागं गेलेलं पोरगं पण नेव्हीतच असतं, पण पाय गेला तर काही नाही. हे आईबापानं तोंडानं म्हटल्याशिवाय पोरांना पटत नाही, त्यांना वाटतं घरी तोंड कसं दाखवू, गावात बॅनर लागलेत. (ते बॅनर लावायचे थांबवता आले तर थांबवा, पोराच्या डोक्यावर विनाकारण ओझं होतं.) पोहण्याचं पण तसंच. आमचा विहिरीत उड्या मारून शिकलेला, तरी तिथं शिट्टीवर वरनं उडी मारायची म्हटल्यावर पहिले दिवस घाबरला होता, आणि राजस्थानातली काही पोरं तर कधी पाण्यात उतरलीच नव्हती, त्यांना पण शिकवून पास करतात. त्यामुळं पोहायला येत नाही म्हणून तो रडत असेल तर तो प्रश्न सुटणारा आहे.

आता काळजी कधी करायची? रडतोय, चिडतोय, तक्रार करतोय तोपर्यंत ठीक आहे. पण एकदम बोलायचंच बंद झाला, झोपच येत नाही म्हणतो, जेवण जात नाही, "माझ्यामुळं तुम्हाला त्रास" असलं काही बोलायला लागला, जगण्याचा कंटाळा आल्यासारखं बोलला, तर एक दिवस पण थांबू नका. त्याला म्हणा आत्ताच्या आत्ता डिव्हिजनल ऑफिसरला किंवा डॉक्टरला सांग, आणि तुम्ही स्वतः सेंटरला कळवा. त्याचं करिअर खराब होईल म्हणून गप्प बसायचं नाही. सरकारची टेलिमानस म्हणून फुकट हेल्पलाईन आहे, १४४१६, मराठीत बोलता येतं, आणि फौजेतल्या लोकांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी पुण्याला एएफएमसीत, म्हणजे फौजेच्या मेडिकल कॉलेजात, तिचा वेगळा कक्ष २०२३ च्या डिसेंबरात सुरू केलाय. ती आपल्यासाठी पण आहे बरं का, तुम्हाला रात्र रात्र झोप लागत नाही असं लिहिलंय तुम्ही, तर तुम्ही पण फोन करा त्यात लाज कसली.

फसवणाऱ्यांपासून सावध राहा, हे मी कळकळीनं सांगते. पोराशी बोलणं होत नाही हे त्यांना माहीत असतं. "तुमच्या मुलाचा ॲक्सिडेंट झालाय, ऑपरेशनला पैसे टाका", "मेडिकलला अडकलाय, इतके दिले तर पास करून देतो", असले फोन येतात, बोलणारा सायेब बनून हिंदीत बोलतो आणि आई घाबरून पैसे टाकते. नेव्ही उपचाराचे पैसे घरच्यांकडं मागत नाही, आणि मेडिकल पैशानं होत नाही. खरंच अनफिट लागला तर अपिलाचं काय करायचं ते त्याला तिथंच सांगतात, मुदत चुकवायची नाही एवढंच. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन करायचा, जितक्या लवकर तितकं बरं.

आणि फेसबुकवर, स्टेटसला फोटो टाकताना हात आवरा. वर्दीतला फोटो, कुठल्या जहाजावर, कुठं पोस्टिंग, कधी सुट्टीवर येणार, हे काहीही टाकू नका. गोड बोलून माहिती काढणारे लोक घरच्यांच्या प्रोफाईलवरूनच पोरापर्यंत पोचतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ओडिशाच्या किनाऱ्याला वादळं येतात, तेव्हा टीव्हीवर मोठमोठ्यानं ओरडतात, त्या दिवशी टीव्ही बंद ठेवा, तिथल्या लोकांना वादळाची सवय आहे आणि तयारी पण असते.

पैशाचं थोडक्यात सांगते. पहिल्या वर्षी महिन्याला ३०,००० ठरलेत, त्यातले ९,००० सेवानिधीत, म्हणजे चार वर्षांनी एकदम मिळणाऱ्या साठवणीत, जातात आणि हातात २१,००० येतात. चौथ्या वर्षी एकूण ४०,००० होतात. सेवानिधीत पोराचे जेवढे जातात तेवढीच भर सरकार पण घालतं आणि चार वर्षांनी साधारण १० लाख आणि वर व्याज असं मिळतं. पण पेन्शन नाही, आणि कायम घेतात ते जास्तीत जास्त २५ टक्के पोरांना. त्यामुळं त्याच्या पगारावर ट्रॅक्टरचं किंवा घराचं लांबचं कर्ज उचलू नका, पाहुण्यांना उसने तर अजिबात देऊ नका. तो पैसा त्याच्या पुढच्या शिक्षणाला लागणार आहे.

चिल्काचं ट्रेनिंग साधारण चार महिन्यांचं, तेवढे दिवस जातात हो. शेवटी पासिंग आऊट परेड असते. अग्निवीरांच्या पहिल्या बॅचची २८ मार्च २०२३ ला झाली, अडीच हजारांवर पोरं आणि त्यात २७० च्या वर मुली, आणि ती परेड सूर्य मावळल्यावर घेतली होती. तुम्हाला निमंत्रण आलं तर दोघंही जा, कर्ज काढून नाही, पण जा. तिकडं बालुगाव स्टेशन जवळ पडतं, आपल्याकडनं कोणार्क एक्सप्रेस पुणे-सोलापूरवरून भुवनेश्वरला जाते, दीड दिवस लागतो, आणि रिझर्वेशन आता ६० दिवस आधीच उघडतं त्यामुळं तारखेचा अंदाज आला की त्याच दिवशी काढा, परतीचं पण सोबतच. ओरिजिनल आधार जवळ ठेवा, गेटवर तेच बघतात. परेडनंतर ज्या कामाला निवडलं असेल त्याप्रमाणं पुढच्या ट्रेनिंगला पाठवतात, इंजिनचं असेल तर आपल्या लोणावळ्याला आयएनएस शिवाजीत, इलेक्ट्रिकलचं असेल तर जामनगरला वालसुरात, तोफांचं कोचीला. आमचा लोणावळ्याला आला होता, तेव्हा सुट्टीच्या दिवशी भेटता यायचं.

तुमच्या जवळपास नेव्हीतून रिटायर झालेलं कुणी असेल तर त्याच्या पप्पांना त्यांच्याकडं घेऊन जा, बायकांनी सांगितलेलं पुरुषांना पटत नाही पण माजी सैनिकानं सांगितलं की पटतं. कुणीच माहीत नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा, तालुक्यातलं कोण ना कोण सापडतं. पुढचा फोन आल्यावर तो काय बोलला ते इथं खाली लिहा, मी बघत असते.