सेकंडहँड मसल कार घेताना आधी गाडी बघायची की इंजिन?

विचारणाऱ्याने लिहिलंय की ओहायोत नोकरीला येऊन दोन वर्षं झाली, बजेट २५ हजार डॉलरच्या आत, फोर्डची मस्टँग, शेवरोलेची कॅमरो, डॉजची चॅलेंजर तिन्ही आवडतात, व्ही६ (सहा सिलिंडरची) घ्यावी की व्ही८ (आठ सिलिंडरची) ते ठरत नाहीये, आणि त्यात आता १९६६ची एक मस्टँग तेवढ्याच पैशात दिसलीये. मी शेजारच्या मिशिगनमध्ये डेट्रॉइटजवळ राहतो, आतापर्यंत अशा तीन गाड्या घेतल्यात, त्यातली एक अजून दारात आहे, त्यामुळे जे स्वतः बघितलंय तेच सांगतो.

माझं मत असं आहे की २००५ नंतरची गाडी घेत असाल तर आधी इंजिन ठरवा, गाडी त्याच्या मागून आपोआप ठरते. आणि १९६६ची घेत असाल तर बरोबर उलटं, आधी पत्रा बघा, इंजिन सगळ्यात शेवटी. कारण जुन्या फोर्डचं २८९ किंवा ३०२ इंजिन, किंवा शेवरोलेचं ३५० (हे आकडे म्हणजे क्युबिक इंचात इंजिनाचा आकार), हे इथला कुठलाही जुना मिस्त्री डोळे मिटून बांधून देतो, पार्ट कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात. पण सडलेली बॉडी नीट करायला महिनोन्महिने कटिंग-वेल्डिंग चालतं आणि पैसे किती जातील ते शेवटपर्यंत कळत नाही. नव्या गाडीत पत्रा बहुतेक ठीकच असतो, तिथे पैसा खातं ते इंजिन.

तसंही या गाड्यांचा जन्मच इंजिनातून झालाय. १९६४ला पाँटिॲकने जीटीओ काढली तेव्हा जनरल मोटर्सचा आतला नियम होता की मध्यम आकाराच्या गाडीत ३३० क्युबिक इंचापेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही, मग पाँटिॲकवाल्यांनी ३८९चं इंजिन 'ऑप्शन पॅकेज' म्हणून टेम्पेस्ट गाडीला लावून विकलं. साध्या गाडीत मोठं इंजिन, एवढीच मूळ गोष्ट.

आता मस्टँगचं बघू. २००५ ते २०१०च्या जीटीत, म्हणजे व्ही८वाल्या मस्टँगमध्ये, ४.६ लिटरचं थ्री-व्हॉल्व्ह (दर सिलिंडरला तीन व्हॉल्व्ह) व्ही८ येतं, सुरुवातीला ३०० हॉर्सपॉवर. इंजिन खालून मजबूत आहे पण दोन दुखणी माहीत पाहिजेत. पहिलं, २००८च्या सुमारापर्यंतचे स्पार्क प्लग दोन तुकड्यांचे होते, काढायला गेलं की खालचा तुकडा हेडमध्येच अडकून राहतो आणि मग तो काढण्याची मजुरी प्लगच्या कितीतरी पट होते, म्हणून प्लग बदललेत का आणि बिल आहे का हे विचाराच. दुसरं, कॅम फेझर, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टचं टायमिंग मागेपुढे करणारा भाग, इंजिन चांगलं गरम झाल्यावर सिग्नलला उभं असताना डिझेलसारखा खडखड आवाज आला तर तो तिथला असण्याची शक्यता मोठी. २०११ला ५.०चं कोयोटी इंजिन आलं, ४१२ हॉर्सपॉवर, २०१५ला नवीन बॉडीत ते ४३५ झालं आणि मागचा अख्खा ॲक्सल जाऊन इंडिपेंडंट सस्पेन्शन आलं. तुमच्या बजेटमध्ये मला विचाराल तर २०१५ ते २०१७ची जीटी, हेच माझं पहिलं उत्तर. मॅन्युअल असेल तर गिअरबॉक्स थंड असताना पहिल्यावरून दुसऱ्यात टाकून बघा, काही गाड्यांत तिथे हात अडकतो, अडकला तर ती गाडी सोडून दुसरी बघा.

कॅमरो आणि चॅलेंजरमध्ये एक मजेशीर प्रकार आहे, तिथे गिअरबॉक्स ठरवला की इंजिन ठरतं. २०१० ते २०१५ची कॅमरो एसएस (व्ही८वाली) मॅन्युअल घेतली तर त्यात एलएस३ येतं, ४२६ हॉर्सपॉवर, आणि ऑटोमॅटिक घेतली तर एल९९, ४०० हॉर्सपॉवर. दोन्ही ६.२ लिटरचीच, पण एल९९मध्ये पेट्रोल वाचवायला आठातले चार सिलिंडर बंद करायची यंत्रणा आहे. चॅलेंजरच्या ५.७ लिटरच्या हेमीतही (डॉजचं व्ही८) तसंच, ऑटोमॅटिकला ती यंत्रणा आहे, मॅन्युअलला नाही. ही यंत्रणा चालते कशी, तर त्या चार सिलिंडरचे लिफ्टर, म्हणजे आपण गावाकडे टॅपेट म्हणतो त्याच घराण्यातला भाग, ते आत घडी होणारे असतात, ऑइलच्या प्रेशरने आतली पिन सरकते, लिफ्टर नुसता आतल्या आत दबतो आणि व्हॉल्व्ह उघडतच नाही. सगळं ऑइलच्या भरवशावर. आधीच्या मालकाने ऑइल वेळेवर बदललं नसेल तर पिन अडकते, लिफ्टर वाजायला लागतो, आणि पुढे कॅमशाफ्टच खरवडला जातो. हेमीत तर मॅन्युअलमध्येही लिफ्टरचा रोलर जाऊ शकतो, म्हणून तिथे जास्त सावध. तरी सांगतो, घरी दोन मुलं असतील तर या तिघांत चॅलेंजरच, मागच्या सीटवर खरोखर माणूस बसतो. आणि २०१५ नंतरची बघा, तेव्हापासून आठ गिअरचा ऑटोमॅटिक आलाय आणि तो आधीच्या पाचवाल्यापेक्षा फारच चांगला.

व्ही६ला कमी लेखू नका. २०११ ते २०१४च्या मस्टँगचं ३.७ व्ही६ ३०५ हॉर्सपॉवरचं आहे, म्हणजे २००५च्या व्ही८ जीटीपेक्षा जास्त. रोज ऑफिसला जायचंय, इन्शुरन्स महाग पडतोय, तर ती घ्या आणि मजेत चालवा. पण तुमच्या प्रश्नात तुम्ही आवाजाबद्दल तीनदा लिहिलंय. ज्याला आवाज हवाय त्याने व्ही६ घेतली की वर्षभरात विकतो, हे मी दोन मित्रांच्या बाबतीत बघितलंय, तेव्हा व्ही८च घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. इंजिन थंड असताना ऐका. माझे वडील सांगलीला ट्रॅक्टरची इंजिनं बांधायचे, ते लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक हेडला टेकवून मूठ कानाला लावायचे आणि कुठला टॅपेट बोलतोय ते सांगायचे, आणि गिऱ्हाईक ट्रॅक्टर चालवत घेऊन आलं तर म्हणायचे आज राहू दे, रात्रभर इथे ठेव, सकाळी बघतो. हे माहीत असूनही मी पहिली व्ही८ घेतली तेव्हा ते केलं नाही. जानेवारी महिना, बाहेर बर्फ, आणि विकणाऱ्या डीलरने मी पोचायच्या आधीच गाडी अर्धा तास चालू ठेवलेली, आत हीटर मस्त गरम, मला वाटलं किती काळजी घेतात. वर मोठा आवाज करणारा सायलेन्सर बाहेरून बसवलेला. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या गॅरेजमध्ये चालू केली तर उजव्या बाजूने टिक, टिक, टिक, घड्याळासारखं. पहिला मेकॅनिक म्हणाला एक्झॉस्टचा बोल्ट असेल, मी विश्वास ठेवला. दीड महिन्याने एक सिलिंडर मिसफायर व्हायला लागला, ऑइल काढलं तर उन्हात धरल्यावर त्यात चमकी दिसली, लुगड्याच्या जरीचा चुरा केल्यासारखी. कॅमशाफ्ट आणि लिफ्टर मिळून साडेचार हजार डॉलर गेले.

तेव्हापासून मी विकणाऱ्याला आदल्या रात्री मेसेज करतो की सकाळी मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोचल्यावर पहिलं काम बॉनेटवर हात ठेवायचा. गरम लागलं तर चहा घेऊन तीन-चार तासांनी परत. थंड असेल तर चालू करायची, रेडिओ बंद, खिडक्या खाली, आणि पाच मिनिटं कोणाशी काही बोलायचं नाही. थंडीत टिकटिक आहे आणि गरम झाल्यावर गेली, तर बऱ्याचदा एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा (इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या भागाचा) बोल्ट तुटलेला असतो, हेमीत हे फार होतं, आणि तो खर्च झेपणारा आहे. टिकटिक गरम झाल्यावरही राहिली तर उठायचं आणि घरी जायचं, भाव कितीही कमी करू देत. बोल्टचंच आहे असं कोणी छातीठोक सांगत असेल तर म्हणा, मग बोल्ट बदलून द्या, मग घेतो.

त्याबरोबर वीस-तीस डॉलरचा ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले एरर वाचणारं यंत्र, न्या. एरर नाहीये हे बघून खूश होऊ नका, 'रेडीनेस मॉनिटर', म्हणजे गाडीने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्यात का ते, बघा, ते बरेचसे 'नॉट रेडी' दिसले तर कोणीतरी नुकतेच एरर पुसलेत किंवा बॅटरी काढलीये. आणि ओहायो, मिशिगनची गाडी असेल तर लिफ्टवर चढवून खालून बघा, हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ ब्रेकच्या पाइपपासून सस्पेन्शनच्या बोल्टपर्यंत सगळं खातं. ॲरिझोना, टेक्सासकडची गाडी थोडी महाग पडली तरी मी घेईन. रिबिल्ट टायटलवाली, म्हणजे मोठ्या नुकसानीनंतर दुरुस्त करून पुन्हा नोंदवलेली, स्वस्त दिसते, नवख्या माणसाने तिकडे जाऊ नये.

आता १९६६ची मस्टँग. तिथे लोहचुंबक खिशात ठेवा, पातळ कापडात गुंडाळून मागच्या चाकावरच्या पत्र्यावर आणि दाराच्या खालच्या कडेला फिरवा, जिथे चिकटत नाही तिथे लांबी (पुटी) भरलीये. मग मालकाला विचारून काचेखालच्या जाळीवर बादलीभर पाणी ओता आणि डॅशबोर्डखाली टॉर्च मारा. या गाडीचा तो भाग, काऊल म्हणतात, आतून सडतो आणि पाणी थेट पायावर गळतं, बाहेरून रंग आरशासारखा असला तरी. तो दुरुस्त करायला पुढचे दोन्ही फेंडर काढून स्पॉट वेल्ड एकेक करून ड्रिल करावे लागतात. पाणी गळलं तर विषय तिथेच संपवा.

इंजिन बघायचं तर व्हीआयएन नंबरचं पाचवं अक्षर बघा. 'टी' असेल तर कारखान्यातून सहा सिलिंडरची २०० निघाली, 'सी' म्हणजे २८९ टू-बॅरल (दोन तोंडांचा कार्ब्युरेटर), 'ए' फोर-बॅरल (चार तोंडांचा), आणि 'के' म्हणजे २७१ हॉर्सपॉवरची, जी या पैशात खरी असणं अवघडच. चाकंही सांगतात, सहा सिलिंडरवालीला चार नट, व्ही८ला पाच. पाचवं अक्षर 'टी', चाकाला चार नट आणि बॉनेटखाली व्ही८ दिसलं, तर इंजिन नंतर बसवलंय आणि खालचे ब्रेक, ॲक्सल अजून हलक्या गाडीचेच आहेत, ते मला अजिबात चालत नाही. आणि ते २७१ आजच्या आकड्यांशी ताडून बघू नका, १९७२च्या आधी इंजिन टेबलावर ठेवून, एअर फिल्टर-सायलेन्सर न लावता पॉवर मोजायचे.

एक गोष्ट मात्र घेतल्या घेतल्या करायचीच. १९६६च्या मस्टँगचा मास्टर सिलिंडर, म्हणजे ब्रेक पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा भाग, एकाच सर्किटचा आहे, कुठेही एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक जातात. १९६७पासून दुहेरी आला. बदलायचं किट सहज मिळतं, रंग, सीट, म्युझिक सिस्टिम सगळं नंतर, हे आधी, आणि तोपर्यंत ती फ्रीवेवर काढू नका, हात जोडून सांगतो.

अजून ठरत नसेल तर ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी इकडे या. वुडवर्ड ॲव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ असते, १९९५पासून चालू आहे, तुम्ही नावं घेतलेल्या सगळ्या गाड्या एका रस्त्यावर सुरू असलेल्या ऐकायला मिळतात आणि मालक लोक फार मनापासून बोलतात. तोवर त्या १९६६वालीचं पाचवं अक्षर काय आहे आणि चाकाला नट किती आहेत तेवढं खाली लिहा.